चारशे सतरा नंबरचा बोर्ड

३ जानेवारी, शनिवार

चालू होतो, पण पुढे जात नाही! पंखा फिरतो, कंपनीचं निळं चिन्ह पडद्यावर येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. वीस मिनिटं वाट पाहिली. बंद केला, परत लावला. पुन्हा तेच.

हे खोकं काल आईकडून आणलं. आई माळा रिकामा करतेय. म्हणे, "मी गेल्यावर तुम्ही शिव्या देत आवरणार, त्यापेक्षा मीच आवरते." खोक्यावर बाबांच्या अक्षरात 'धाकटी' — म्हणजे मी. आत माझा जुना मदरबोर्ड. बाबांनी एकाच दिवशी दोन घेतले होते, एक मला, एक दादाला. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस — कुठलीही वस्तू जोडीनेच आणायचा. माझ्या बोर्डावरच्या स्टिकरवर लांबलचक नंबर, शेवटी ४१७.

नवरा म्हणाला, "टाकून दे. याच्यापेक्षा माझा फोन हुशार आहे."

हुशारीचा प्रश्नच नाही. हा का थांबतो, ते कळलं पाहिजे.

४ जानेवारी

कळलं! या मॉडेलचा आजार जन्मजात आहे. बोर्डावर एक आठ पायांची चिप असते, तिच्यात फर्मवेअर. बटण दाबल्यावर बोर्ड सगळ्यात आधी ते वाचतो — आपल्याला रॅम आहे, डिस्क आहे, पडदा आहे हे त्याला त्यावरून समजतं. या मॉडेलमध्ये ते काही वर्षांनी सडतं. कंपनी तर कधीच बुडाली. नवीन फर्मवेअर मागणार कुणाकडे?

पण खुल्या फर्मवेअरचा एक प्रकल्प आहे. जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही वाचावं, कुणीही वापरावं. ते ज्या बोर्डांवर चालतं त्यांची यादी मारुतीच्या शेपटाएवढी. त्यात आमचा नाही. आमच्या बोर्डाचा एक चुलतभाऊ मात्र आहे — मुख्य चिप तीच, बाकीची मांडणी वेगळी. चुलतभावाचे कपडे याला चढवायचे, जिथे घट्ट होतील तिथे उसवायचे, सैल तिथे टाके घालायचे. याला पोर्ट करणं म्हणतात.

मी हे कधी केलेलं नाही. मी दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या आणि ड्रिल दुरुस्त करते. पण यंत्र ते यंत्र.

११ जानेवारी, रविवार

चिपला चिमटा लावून आतलं सगळं वाचून घेतलं. नियम असा की दोनदा वाचायचं आणि ताडून बघायचं. दोन्ही वेगळे निघाले! चिमटा नीट बसला नसेल. पाय पुसले, तिसऱ्यांदा वाचलं, चौथ्यांदा वाचलं. हे दोन तंतोतंत जुळले. पहिले दोन उडवून टाकले. मला पसारा चालत नाही.

आईचा फोन. बोर्डाचं सांगितलं तर म्हणाली, "दुकानदाराला सगळी खोकी खाली काढायला लावली होती तुझ्या बाबांनी. लागोपाठचे नंबर हवे होते त्यांना. एकाचा नवा, एकाचा जुना असं नको, म्हणे. भांडाल. आधीचा त्याचा, नंतरचा तुझा."

मग म्हणाली, "त्याचा पण असाच बंद पडला असेल का गं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

नंबरावरून नाही भांडलो आम्ही, बाबा.

१४ जानेवारी

नाही लिहिलं तर डोक्यात घोळत राहील. लिहून टाकते.

बाबा गेले त्यानंतर चौथ्या दिवशी मी त्यांचं दुकान आवरायला घेतलं. दादा लांब, दोन दिवसांनी येणार होता. मला वाटलं, तो दमून येईल, त्याच्या आधी उरकून टाकू. एका दिवसात सगळं साफ! भंगारवाला तीन खेपा करून गेला. त्यात बाबांच्या वह्या गेल्या. तीस वर्षांच्या. कुठला रेडिओ, काय बिघाड, काय केलं, का केलं — प्रत्येक दुरुस्तीचं पान. मी उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. तेलकट, वाळवी लागलेल्या, म्हणून गेल्या.

दादा आला तो फक्त त्या वह्यांसाठी आला होता. रिकाम्या कपाटासमोर उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "विचारायचं तरी."

आणि मी काय म्हटलं? "तू होतास कुठे विचारायला?"

नऊ वर्षं झाली. आईच्या घरी आमच्या वेळासुद्धा वेगळ्या.

तर आता या पानाला साक्षी ठेवून — बोर्ड चालू झाला तर मी दादाला फोन करीन. नाही झाला तर नाही. बघू!

१८ जानेवारी, रविवार

बोर्डाचं बोलणं ऐकायचं तर त्याच्या सिरियलच्या टाचण्यांना, म्हणजे पिनांना, तारा जोडायच्या. पडदा लागायच्या आधीपासून तो जे पुटपुटतो ते त्यातून दुसऱ्या कंप्यूटरवर दिसतं. पण त्यासाठी एका छोट्या चिपचा नंबर हवा, आणि ती बसलीय दोन उंच कपॅसिटरांच्या मागे. मान वाकडी करून थकले.

मग दातांचा आरसा! बॅगेत असतोच. दाढ बघावी तसा आत घातला आणि दिसला नंबर — उलटा, पण उलटं वाचायची मला पंधरा वर्षांची सवय. नवरा शेजारून म्हणाला, "कीड लागलीय का बघ."

लागलीच आहे म्हणा.

२५ जानेवारी

बोलला!!

चुलतभावाचं फर्मवेअर थोडं बदलून चिपवर चढवलं. आधी नुसता कचरा, चौकोन आणि प्रश्नचिन्हं. वेग चुकीचा होता. वेग बदलला आणि एक स्वच्छ ओळ आली. "सुरू होत आहे" एवढाच अर्थ. तोंडात ड्रिल असलेला माणूस बोलतो तितपतच, पण बोलला! मग "रॅम सापडली नाही" आणि गप्प.

सापडली नाही म्हणजे काय? समोर बसलीय की ढळढळीत.

मी केलेलं सगळं प्रकल्पाच्या पानावर टाकलं, बोर्डाच्या फोटोसकट. तिथे आधी कुणीतरी तपासतं, मग ते घेतलं जातं.

२६ जानेवारी

तासाभरात उत्तर! नावाच्या जागी नुसती चार अक्षरं, ज्यांचा शब्द होत नाही. पहिलंच वाक्य — "फोटो काढून टाका. स्टिकरवरचा नंबर झाकून परत लावा. असले नंबर जगाला दाखवू नयेत." नमस्कार नाही, चमत्कार नाही!

स्टिकरवर जखमेची पट्टी चिकटवली आणि नवा फोटो लावला.

२९ जानेवारी

हा चार अक्षरी इसम जपून, कोरडं इंग्रजी लिहितो आणि माझ्या प्रत्येक ओळीखाली एकच शब्द — "का?" ही टाचणी चालू का ठेवली? ही बंद का? इथे दहाच मोजून का थांबायचं? मी लिहिलं, "कारण तसं चालतं." तर म्हणे, "ते झालं 'काय'. 'का', ते लिहा. पाच वर्षांनी दुसरं कुणी वाचेल, त्याला तुम्ही भेटणार नाही."

मी त्याचं नाव 'काका' ठेवलंय. डोळ्यांसमोर येतो तो निवृत्त प्राध्यापक, स्वेटर, कोरा चहा, घरात कुणाशी पटत नाही.

पण एक आहे. कारण लिहायला बसले की निम्म्या वेळा कळतं, आपल्याला कारण माहीतच नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

एकोणीस 'का'पैकी अकरा मिटवले. त्यातल्या तीन ठिकाणी मीच चुकले होते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "त्या माणसाचा पत्ता दे, सत्कार करतो."

७ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं.

काकाने विचारलं, "चिप चार वेळा वाचली असं लिहिलंत. पहिल्या दोन प्रती वेगळ्या होत्या ना? त्या पाठवा. त्या कुठे वेगळ्या आहेत त्यावरून चिप कुठे सडलीय ते कळेल."

मी लिहिलं, उडवल्या.

"का?"

"निरुपयोगी होत्या."

"निरुपयोगी आहेत हे कोणी ठरवलं?"

कंप्यूटर बंद केला. हा कोण लागून गेला मला विचारणारा! स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. नवरा शहाणा, लांबच राहिला.

१० फेब्रुवारी

तीन दिवस उघडलं नाही. आज एका दवाखान्यात खुर्चीचा पंप उघडून बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज शीळ नाही घातलीत काम करताना?" मला माहीतच नव्हतं मी शीळ घालते.

त्या प्रती चिमट्यामुळे वेगळ्या आल्या असं मी ठरवलं. बघितलं नाही. वाळवीच्या वह्या, म्हणून गेल्या. बघितलं नाही.

काकाचं काही चुकलेलं नाही.

११ फेब्रुवारी

काकाला लिहिलं, खाजगीत. अनोळखी माणसाला सांगणं किती सोपं!

लिहिलं — तुमचा प्रश्न बरोबर होता. मी असं आधीही एकदा केलंय. वडिलांच्या तीस वर्षांच्या दुरुस्तीच्या वह्या एका दुपारी भंगारात दिल्या. माझ्या भावाला हव्या होत्या. त्याला विचारलं नाही आणि वर त्यालाच बोलले. त्या वह्यांत प्रत्येक कामाचं 'का' होतं. हे मला तुमच्यामुळे आता कळतंय, म्हणजे अक्कल यायला नऊ वर्षं लागली. तो दिवस परत मिळाला तर हात लावायच्या आधी फोन करीन.

पाठवून दिलं आणि मग परत वाचलं. इंग्रजी बरंच मोडकं होतं. समजलं असेल का?

१५ फेब्रुवारी

उत्तर नाही.

१८ फेब्रुवारी

नाही. ज्या माणसाला टाचणी-टाचणीचं उत्तर तासात द्यायचं असतं, तो आठवडा झाला गप्प. घाबरवला बहुतेक मी म्हाताऱ्याला. कुणीतरी टाचण्यांबद्दल बोलायला आलं आणि मी त्याच्या गळ्यात पडून रडले.

रॅम अजून सापडत नाही. दोन्ही पट्ट्या बदलून पाहिल्या, पाय खोडरबरने घासले. एक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये घातली, मग तिथेच दुसरी. ढिम्म!

२० फेब्रुवारी

आला! दोनच ओळी.

"एकच पट्टी घ्या आणि २ छापलंय त्या स्लॉटमध्ये घाला. पहिला रिकामा ठेवा."

मी विचारलं — या वेळी मी! — "का?"

"छापलेल्या नंबरांवर विश्वास ठेवू नये. माझ्याकडेही हाच बोर्ड आहे. माझाही निळ्या चिन्हावर थांबतो."

वह्यांबद्दल अवाक्षर नाही. बरंच झालं. थोडं वाईटही वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सापडली!! रॅम सापडली!

कारखान्यात छापणाऱ्याने उलटं छापलंय. ज्याच्यावर २ लिहिलंय तो खरा पहिला. चुलतभावाच्या मांडणीत पत्ते सरळ, म्हणून आमचं फर्मवेअर चुकीच्या दारावर टकटक करत होतं आणि "घरात कुणी नाही" म्हणून परत येत होतं. दोन पत्त्यांची अदलाबदल — एवढंच! चार आठवडे!

खाली कारणही लिहिलं, चार ओळी, सविस्तर. काका खूश झाला असेल. तसं काही म्हणाला नाही.

१ मार्च

आता शेवटची गाठ. रॅम मोजून होते, सगळं दिसतं आणि डिस्कपाशी अडतं. पाच वेळा लावला तर दोनदा पुढे जातो, तीनदा नाही. असला बिघाड सगळ्यात वाईट. दात दुखतो म्हणून माणूस येतो आणि खुर्चीत बसला की दुखायचा थांबतो, तसं.

४ मार्च

जुन्या फर्मवेअरची प्रत उकलून बघत होते. तिसरी, न सडलेल्या भागातली. डिस्कला हाक मारायच्या आधी तिथे जुना लिहिणारा थांबलाय. पाव सेकंद. नुसता थांबलाय, काही करत नाही. का, ते त्याने कुठे लिहिलेलं नाही. ती कंपनी नाही, तो माणूस कुठे आहे कुणास ठाऊक.

हा पाव सेकंद मला निरुपयोगी वाटला होता. महिन्यापूर्वी असता तर उडवला असता. नाही उडवला. आपल्यातही घातला.

८ मार्च, रविवार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बोर्ड पूर्ण चालू झाला!

दहा वेळा लावला, दहाही वेळा चालला. निळं चिन्ह नाही, रुसवा नाही. तीन सेकंदांत काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ — सांग, काय करू? मी इतकी किंचाळले की नवरा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आला. त्याला वाटलं शॉक बसला. रेघ दाखवली. "एवढंच?" म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही नाही, छान आहे. फारच छान रेघ आहे."

सगळं पानावर टाकलं. पाव सेकंदाच्या ओळीखाली कारण लिहिलं — "माहीत नाही. आधीच्या माणसाला माहीत असावं. याच्याशिवाय चालत नाही, म्हणून काढू नये."

वाटलं, आता 'का'चा पाऊस पडणार. एकही नाही. काकाने मान्य केलं.

मी त्याला विचारलं, तुमच्याकडे हाच बोर्ड, तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, मग तुम्हीच का नाही केलंत? उत्तर आलं, "मी नुसताच विचार करत बसतो. वर्षानुवर्षं. तुम्ही आधी हात घालता. दोन्ही माणसं लागतात."

जरा गंमतच वाटली. मला आयुष्यात याच गोष्टीसाठी कुणी शाबासकी दिलेली नाही.

९ मार्च

फोन करायचा होता. पान साक्षीला आहे.

दिवसभर तीन दवाखाने. वेळच मिळाला नाही.

१२ मार्च

वेळ मिळाला. फोन हातात घेतला, दादाचं नाव काढलं, परत ठेवला. काय सांगू? "तुझ्या खोक्यातला बोर्ड आता चालेल"? नऊ वर्षांनी? तो म्हणेल, अभिनंदन. आणि पुढे? बोर्ड बोलत नव्हता तर तारा जोडता आल्या.

आईने विचारलं, "चालू झाला तुझा? त्याला कळवलंस?"

म्हटलं, करते.

"करते करते म्हणून तुझे बाबा पण..."

त्याला तो बोर्ड आठवत तरी असेल का? त्याने कधीच फेकून दिला असेल. दिला असेल तर मी कोण बोलणार?

१५ मार्च, रविवार

काकाने त्याचा बोर्ड चालू करून पाहिला. पानावर लिहिलंय, "माझ्याकडेही चालतो. दहापैकी दहा." खाली फोटो. टेबल, तारा, पडद्यावर तीच लुकलुकणारी रेघ.

स्टिकर झाकलेलं नाही.

ज्या माणसाने पहिल्याच दिवशी, तासाच्या आत, मला माझा नंबर झाकायला लावला, त्याने स्वतःचा झाकलेला नाही. फोटो मोठा करून पाहिला. मग चष्मा पुसून पाहिला. माझ्या बोर्डावरची पट्टी ओरबाडून काढली आणि एकेक आकडा बोट ठेवून ताडला. सगळे तेच. फक्त शेवटी ४१६.

म्हणजे माझा फोटो बघितला तेव्हापासून त्याला माहीत होतं. प्रत्येक 'का' विचारताना. वह्यांचं वाचलं तेव्हासुद्धा.

फोटोखाली मराठीत लिहिलं. तिथे ते कुणाला वाचता येणार नाही, एक जण सोडून.

"दादा, फोन करू का?"

आधी विचारलं.